हेगचं पोस्टर, नौपाड्याचा फळा: आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याच्या रविवार वर्गाचा रिव्ह्यू

ठाणे स्टेशनला पश्चिमेकडे उतरून गोखले रोडच्या दिशेने निघालं की नौपाड्यात दर चौथ्या इमारतीवर कुठल्या ना कुठल्या क्लासचा बोर्ड दिसतो. सीए, एमपीएससी, न्यायाधीश परीक्षा. त्यांतच दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या एका इमारतीत, कायद्याचे प्राध्यापक होऊ पाहणाऱ्यांसाठी हा वर्ग चालतो. सोळा रविवार, सकाळी दहा ते एक, विषय आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा, सोबत छापील नोट्स, फी १८ हजार. वर्गाचं नाव देत नाही, कारण पुढे चुका दाखवल्या आहेत आणि त्या छापणारी ही काही एकटीच जागा नाही.

आधी एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे. हा वर्ग विकला जातो नेटचा, म्हणजे प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा वर्ग म्हणून, आणि जिन्यातल्या पोस्टरवर लिहिलंय ‘ठाणे ते हेग’. हेग म्हणजे नेदरलँड्समधलं, आंतरराष्ट्रीय न्यायालयांचं शहर. प्रत्यक्षात तो दोन्ही नाही. तो शिकवायला शिकवणारा वर्ग आहे, आणि त्या कामात बरा नव्हे, चांगलाच आहे. अपेक्षा चुकीची घेऊन गेलात तर १८ हजार वाया गेले असं वाटेल. बरोबर घेऊन गेलात तर वसूल.

पोस्टरपासूनच सुरुवात करू. त्यावर ‘इंटरनॅशनल क्रिमिनल कोर्ट’ (आयसीसी) म्हणून जी मनोऱ्याची, विटांची, राजवाड्यासारखी इमारत छापली आहे, ती आयसीसीची नाहीच. तो पीस पॅलेस, १९१३ साली उघडलेला, आणि तिथे बसतं आयसीजे, म्हणजे देशादेशांमधले वाद ऐकणारं संयुक्त राष्ट्रांचं न्यायालय. आयसीसी व्यक्तींवर खटले चालवतं, आणि डिसेंबर २०१५ पासून ते हेगच्याच समुद्राकडच्या टोकाला, वाळूच्या टेकड्यांजवळच्या नव्या काचेच्या इमारतींत आहे. म्यानमारविरुद्ध गांबिया किंवा इस्रायलविरुद्ध दक्षिण आफ्रिका हे वंशसंहार कराराचे दावे आयसीजेपुढचे, तर मार्च २०२५ मध्ये अटक झालेले फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांचं प्रकरण आयसीसीपुढचं. प्राध्यापकाच्या मुलाखतीत पॅनेल पहिला खडा इथेच टाकून बघतं. वर्गात हा फरक पहिल्याच रविवारी नीट समजावतात, मग जिन्यातलं पोस्टर का बदलत नाहीत, कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. माहितीपत्रकात करिअरच्या पायऱ्या काढल्या आहेत आणि सगळ्यात वरच्या पायरीवर लिहिलंय ‘आयसीसी न्यायाधीश’. रोम संविधी, म्हणजे ज्या कराराने आयसीसी उभं राहिलं, त्याचा अनुच्छेद ३६ उघडून बघा. न्यायाधीशपदाचा उमेदवार सदस्य राष्ट्राचा नागरिक असावा लागतो. भारत सदस्य नाही. म्हणजे भारतीय पासपोर्टवर ही पायरी आजच्या घडीला नाहीच. कर्मचारी नेमणुकीतही सदस्य राष्ट्रांच्या नागरिकांना झुकतं माप मिळतं. मग भारतीय प्राध्यापकाला काय उरतं? आरोपींच्या वकिलांच्या यादीत नाव नोंदवता येतं, तिथे सदस्य राष्ट्राची अट नाही, पण दहा वर्षांचा संबंधित अनुभव आणि इंग्रजी किंवा फ्रेंचवर पक्की हुकमत लागते. अभ्यागत व्यावसायिक किंवा इंटर्न म्हणून काही महिने जाता येतं, त्यात बहुतेक वेळा पगार नसतो, आणि हेगचं घरभाडं घोडबंदर रोडच्या भाड्याला लाजवेल असं. फ्रेंच ही आयसीसीची दुसरी कामकाजाची भाषा आहे, याचा माहितीपत्रकात उल्लेखही नाही. विद्यार्थ्याला हे आधी सांगायला हवं.

प्राध्यापकांनी या क्षेत्रात मोठी मजल मारली आहे, हे मात्र खरं, आणि वर्गात ते उत्तम सांगतात. फ्लॉरेन्सला शिकवणारे अँटोनियो कासेझे युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाचे, म्हणजे तिथल्या युद्धगुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या न्यायालयाचे, पहिले अध्यक्ष झाले. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाचे शेरीफ बसिउनी रोम संविधी घडवणाऱ्या १९९८ च्या परिषदेत मसुदा समितीचे अध्यक्ष होते. आणि आपले राधाबिनोद पाल. १९२३ ते १९३६ कलकत्ता विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात शिकवत होते, पुढे उच्च न्यायालयात गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारा त्यांचा विरोधी निकाल आजही वाद पेटवतो. नंतर ते आंतरराष्ट्रीय विधी आयोगावरही होते. पालांचा तास या वर्गातला दुसरा सर्वोत्तम तास. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात ‘आधी गुन्हा ठरवा, मग शिक्षा’ हे तत्त्व मोडलं का, हा प्रश्न पालांकडून आत शिरला की विद्यार्थी जागे होतात. ‘२० नोव्हेंबर १९४५ ला खटला सुरू झाला’ असं सांगून होत नाहीत.

पहिला सर्वोत्तम तास पाचव्या रविवारी असतो, अनुच्छेद २८ वर. हाताखालच्यांच्या गुन्ह्यांसाठी वरिष्ठाची जबाबदारी. सर फळ्यावर दोन उभे रकाने आखतात. डावीकडे लष्करी कमांडर, उजवीकडे नागरी वरिष्ठ. डाव्या रकान्यात लिहितात: ‘माहीत होतं, किंवा परिस्थिती पाहता माहीत असायला हवं होतं’. उजवीकडे: ‘माहीत होतं, किंवा स्पष्ट दिसणाऱ्या माहितीकडे जाणूनबुजून काणाडोळा केला’. मग डावीकडचं ‘असायला हवं होतं’ आणि उजवीकडचं ‘जाणूनबुजून’ यांना लाल खडूने गोल. त्याच्याखाली एक आडवी रेघ, आणि तिच्याखाली दोन्ही रकान्यांना समान असलेली अट: गुन्हा थांबवायला, दडपायला किंवा तपास यंत्रणेकडे सोपवायला आपल्या अधिकारातले आवश्यक आणि वाजवी ते सगळे उपाय केले का? मग बेंबाचा खटला. कांगोच्या या नेत्याचे सैनिक २००२-०३ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात गेले, तिथे बलात्कार, खून, लूट. २०१६ मध्ये दोषी, १८ वर्षं शिक्षा. ८ जून २०१८ ला अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी निर्दोष. आणि निकाल फिरला तो वरच्या दोन रकान्यांवर नाही, त्या आडव्या रेघेखालच्या अटीवर. दुसऱ्या देशात लढणाऱ्या सैन्याच्या सेनापतीला तपास करायला किती हात मोकळे होते, हे खालच्या न्यायालयाने नीट तोललं नाही, असं बहुमताचं म्हणणं. हे फळ्यावर असं दिसलं की विद्यार्थ्याला आयुष्यभर विसरत नाही. ही मांडणी पुढे तुम्ही कुठल्याही लॉ कॉलेजात जशीच्या तशी वापरू शकता.

शिकवण्याची पद्धत पूर्ण संविधीवर उभी आहे, हे या वर्गाचं बळ. पहिल्या दिवशी रोम संविधीची प्रत हातात देतात, १२८ अनुच्छेद, १३ भाग, आणि सोबत ‘एलिमेंट्स ऑफ क्राइम्स’, म्हणजे प्रत्येक गुन्ह्याचे घटक सांगणारा पूरक दस्तऐवज. पुढे प्रत्येक गुन्हा तीन घरांत मोडून लिहायचा: कृती काय, मनात काय हवं, आणि भोवतालचा संदर्भ काय. खून हा खूनच. तो मानवतेविरुद्धचा गुन्हा होतो नागरी लोकसंख्येवरच्या व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्याचा भाग असेल आणि आरोपीला त्या हल्ल्याची जाणीव असेल तर. युद्धगुन्हा होतो सशस्त्र संघर्षाशी त्याचा संबंध असेल तर. वंशसंहार होतो राष्ट्रीय, वांशिक, वंशीय किंवा धार्मिक गट गट म्हणूनच, पूर्ण वा अंशतः, नष्ट करण्याचा खास हेतू असेल तर. एकच प्रेत, तीन गुन्हे. विद्यार्थी हमखास चुकतात ते ‘व्यापक किंवा पद्धतशीर’ याला ‘व्यापक आणि पद्धतशीर’ करून, आणि राजकीय गटाला वंशसंहाराच्या यादीत घुसवून. तो यादीत नाही.

आता नोट्स. २४० पानं, स्पायरल, बाजारातल्या नेट गाइडपेक्षा खूप वरच्या दर्जाच्या, पण चार चुका अशा की त्या वर्गात परत सांगितल्या तर प्राध्यापकाचं नाक कापलं जाईल.

पहिली: ‘भारताने रोम संविधीवर सही केली पण मान्यता दिली नाही’. नाही. भारताने सहीच केलेली नाही. १७ जुलै १९९८ ला मतदान झालं, १२० बाजूने, ७ विरोधात, २१ तटस्थ, आणि भारत तटस्थांत. सही करून मान्यता न देणारा देश म्हणजे वेगळी गोष्ट, अमेरिका त्याचं उदाहरण, तिने तर नंतर सदस्य व्हायचा इरादाच नाही असं कळवून टाकलं. भारताच्या हरकती तास घ्यायला सोन्यासारख्या: सुरक्षा परिषदेला दिलेले प्रकरण पाठवण्याचे आणि थांबवण्याचे अधिकार, अंतर्गत संघर्षांचा समावेश, अण्वस्त्रं यादीबाहेर, दहशतवाद यादीबाहेर. नोट्समध्ये या चौघांपैकी एकच आहे.

दुसरी चूक व्याख्येची. वंशसंहार म्हणजे ‘मोठ्या संख्येने हत्या’. संख्येची किमान अट कुठेही नाही, आणि पाच कृतींपैकी हत्या ही एकच. गटाची मुलं जबरदस्तीने दुसऱ्या गटाकडे नेणं हीसुद्धा त्यात येते.

तिसरी अधिक नाजूक आणि प्राध्यापकसुद्धा करतात. युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने टाडिच प्रकरणात १९९९ च्या अपिलात घडवलेला संयुक्त गुन्हेगारी उपक्रमाचा (जॉइंट क्रिमिनल एंटरप्राइझ) सिद्धांत, आणि आयसीसीने अनुच्छेद २५(३)(अ) खाली वापरलेला ‘गुन्ह्यावर नियंत्रण’ हा निकष, नोट्सनी एकाच परिच्छेदात कालवून टाकलेत. पहिल्यात समान हेतूवर भर, दुसऱ्यात कुणाच्या सहभागाशिवाय गुन्हा अडला असता यावर. लुबांगा प्रकरण (निकाल १४ मार्च २०१२, बालसैनिकांची भरती, १४ वर्षं) दुसऱ्या रांगेतलं आहे, नोट्समध्ये ते पहिल्या रांगेत बसवलंय.

चौथी: आक्रमणाच्या गुन्ह्याला ‘अजून अंमल नाही’. कंपालाच्या आढावा परिषदेत २०१० मध्ये व्याख्या झाली, १७ जुलै २०१८ पासून अधिकारक्षेत्र लागू. जुनी आवृत्ती तशीच छापत राहिल्याचा हा परिणाम. लक्षात आणून दिलं की सर पुढच्या रविवारी दुरुस्तीचा कागद वाटतात, हेही लिहायला हवं. पण तो सुटा कागद पुढच्या बॅचच्या स्पायरलमध्ये जात नाही.

भारतीय कायद्याशी सांधा जोडण्यात वर्ग बरा आहे. वंशसंहार करार भारताने १९५९ मध्ये मान्य केला, पण त्यासाठी देशांतर्गत कायदा आजवर केलेला नाही. युद्धाच्या नियमांच्या जिनिव्हा करारांसाठी १९६० चा कायदा आहे, अतिरिक्त प्रोटोकॉलांत आपण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही वंशसंहार वा मानवतेविरुद्धचे गुन्हे वेगळे नाहीत. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या सज्जन कुमार प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये या उणिवेवरच बोट ठेवलं होतं. मुंबई विद्यापीठाच्या वर्गात मुलं विचारणार ते हेच: ‘सर, याचा आपल्याशी संबंध काय?’ त्याचं उत्तर या एका तासात मिळतं.

नेटचं काय? विधी विषयाचा कोड ५८. पेपर दोनमध्ये शंभर प्रश्न, दोनशे गुण, दहा युनिटं. आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवतावादी कायदा मिळून एकच युनिट, तिसरं. त्यात मान्यता, आश्रय, प्रत्यर्पण, संयुक्त राष्ट्रं, डब्ल्यूटीओ सगळं कोंबलेलं, आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा हा स्वतंत्र मुद्दा म्हणून नाहीच. हिशेब तुम्हीच करा. ज्याला फक्त नेट काढायची आहे त्याने न्यायशास्त्र, घटना, करार आणि पेपर एकवर वेळ घालावा. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडून यायचा नाही, हे वर्गात सांगतात, ते कुठल्याही यूट्यूब व्हिडिओत फुकट मिळतं. सराव पेपर चार घेतात, त्यातला तिसरा तर उघडउघड जुन्या प्रश्नांची खिचडी आहे.

नोकरीचा तास, शेवटून दुसऱ्या रविवारचा, प्रामाणिक आहे. एलएलएमला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा), ही सहायक प्राध्यापकाची किमान अट. वेतनश्रेणीची लेव्हल १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. एलएलएम हा व्यावसायिक पदव्युत्तर अभ्यासक्रम धरला जातो, त्यामुळे लेव्हल ११ ला पाच वर्षांनी जाता येतं, पीएचडी असेल तर चार. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीला पीएचडी, आठ वर्षं, सात शोधनिबंध, संशोधन गुण ७५. प्राध्यापकाला दहा वर्षं, दहा निबंध, १२० गुण. हे कागदावर. प्रत्यक्षात ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत सुरुवात होते ती सीएचबीवर, तासिका तत्त्वावर. जेवढे तास तेवढे पैसे, मे महिन्यात शून्य. शिवाय नव्या माणसाला आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा शिकवायला मिळेलच असं नाही. मिळतं ते पुराव्याचा कायदा किंवा कामगार कायदा. आपला विषय वर्गात आणायचा तर अर्धा पेपर, एखादं मूट (अभिरूप न्यायालय), एखादं अतिथी व्याख्यान अशा चोरवाटांनीच. सरांनी ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी एक मोलाची गोष्ट सांगितली: वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा आहे, सनद चालू ठेवून. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की सनद बाजूला ठेवावी लागते. कोर्ट नाक्यावरून दुपारी कॉलेजला पळणाऱ्या किती जणांना हा नियम धड माहीत नसतो!

या तासाला काय नाही, तर निबंध कसा लिहायचा ते. सात निबंध लागतात एवढं सांगून थांबतात. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यानंतर नियतकालिक पारखायचं कसं, पैसे घेऊन आठवड्यात छापणारी दुकानं ओळखायची कशी, यावर चकार शब्द नाही. पीएचडीचा विषय कसा निवडायचा तेही नाही. ‘आयसीसी आणि भारत : एक अभ्यास’ असले विषय घेऊन माणसं पाच वर्षं अडकतात. ‘अनुच्छेद २८ मधली नागरी वरिष्ठाची कसोटी’ असा टाचणीएवढा विषय घेतला तर सुटतात. हा एक तास वाढवला तर वर्गाचं मोल दुप्पट होईल.

डेमो लेक्चरचा सराव मात्र सोन्याचा. प्रत्येकाला वीस मिनिटं, मागे मोबाइलवर रेकॉर्डिंग. ठरलेल्या चुका दिसतात: न्यूरेंबर्गपासून सुरू करून वीस मिनिटं न्यूरेंबर्गमध्येच संपवणं, स्लाइड वाचणं, पॅनेलकडे बघत शिकवणं आणि मुलांकडे पाठ. सरांचा नियम: पहिली दोन मिनिटं एक प्रसंग, मग अनुच्छेदाचे शब्द फळ्यावर, मग एक खटला, शेवटची तीन मिनिटं प्रश्न. आकायेसूचं उदाहरण देतात. रवांडातल्या टाबा गावाचा हा प्रमुख. २ सप्टेंबर १९९८ चा निकाल, आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वंशसंहारासाठी दोषी धरलेला पहिला माणूस, आणि बलात्कार हे वंशसंहाराचं साधन असू शकतं हे इथेच ठरलं. वीस मिनिटांत बसतं, आणि पॅनेलमधला विषयाबाहेरचा माणूसही ऐकत राहतो.

फुकट काय मिळतं, तेही बघून घ्या. आयसीसीचे सगळे कायदेशीर दस्तऐवज तिच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये आहेत. ‘लीगल टूल्स’ हा निकालांचा प्रचंड साठा मोफत खुला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ऑडिओव्हिज्युअल लायब्ररीत नामवंत प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत. ज्याला शिस्त आहे त्याला या वर्गातलं साठ टक्के घरबसल्या उभं करता येईल. उरलेलं चाळीस म्हणजे फळा, डेमो आणि समोर बसून चुका काढणारा माणूस. ते पीडीएफमध्ये येत नाही.

बारीकसारीक. एसी एकच, मागच्या तीन बाकांपर्यंत पोहोचत नाही. खिडकी उघडली की रस्त्यावरचे हॉर्न आत. लघवीची सोय तळमजल्यावर. वेळ दहा ते एकची, आणि इथेच घोळ. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आणि कधी ट्रान्स-हार्बरवरही ब्लॉक, त्यामुळे वाशी-नेरुळहून येणाऱ्यांची परतीची दुपार वाया जाते. कल्याणकडच्यांनी तर साडेनऊच्या आत ठाणे गाठावं. रेकॉर्डिंग देत नाहीत, चुकलेला तास पुढच्या बॅचला बसून भरा म्हणतात, म्हणजे चार महिन्यांनी. चहा खाली चांगला मिळतो, मध्यंतर पंधरा मिनिटांचं आहे आणि वीस मिनिटं चालतं.

प्रवेश घ्यायच्या आधी नोट्सच्या पहिल्या पानावरचं आवृत्तीचं साल बघा, भारताच्या सहीचं वाक्य शोधा. एलएलएमच्या शेवटच्या सेमिस्टरला असाल किंवा सीएचबीवर नुकते लागला असाल तर योग्य वेळ. एलएलबी चालू असताना येऊ नका, दंडविधान आणि आंतरराष्ट्रीय कायदा दोन्हीचा पाया नसेल तर अनुच्छेद ३० ची मानसिक घटकांची चर्चा डोक्यावरून जाते. फी दोन हप्त्यांत घेतात. दुसरा हप्ता सहाव्या रविवारी देतो म्हटलं तर ऐकतात. बेंबाचा तास पाचव्या रविवारी असतो.